मोजणीची उदाहरणे कशी सोडवावीत: भास्कराचार्यांच्या अंकपाशाच्या आधाराने

अकरावीच्या वर्गात असो किंवा स्पर्धा परीक्षेच्या तयारीत असो, परम्युटेशन-कॉम्बिनेशनचे, म्हणजे मांडणी आणि निवड यांचे प्रकार मोजण्याचे, उदाहरण समोर आले की बहुतेक विद्यार्थी सर्वांत आधी एकच प्रश्न विचारतात, आणि तो म्हणजे येथे कोणते सूत्र लावायचे. हा प्रश्न विचारण्याची ही वेळच नव्हे, असे माझे ठाम मत आहे. सूत्र हे मोजणीच्या शेवटी येणारे संक्षिप्त लेखन आहे. त्याआधी दोन गोष्टी स्पष्ट व्हाव्या लागतात: ज्या गोष्टी मोजायच्या आहेत त्यांपैकी एक गोष्ट नेमकी कशी दिसते, आणि आपण ज्या रीतीने ती तयार करतो त्या रीतीत तीच गोष्ट किती वेळा तयार होते. या दोन प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहिता आली, तर गुणाकार, भागाकार, बेरीज आणि वजाबाकी यांच्यापलीकडे काहीही लागत नाही. ती लिहिता आली नाहीत, तर सूत्र तोंडपाठ असूनही उत्तर बरोबर येईलच याची खात्री देता येत नाही.

हा विषय मराठी वाचकाला जवळचा वाटावा असे एक कारण आहे. भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मध्ये लिहिलेल्या ‘लीलावती’चे शेवटचे प्रकरण ‘अंकपाश’ हे आहे आणि ते पूर्णपणे मोजणीला वाहिलेले आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन व्हावे म्हणून त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापन केल्याचे सांगणारा शिलालेख जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळच्या पाटणे येथे आहे. अंकपाशातील उदाहरणे थोडी आहेत, पण त्यांचा क्रम विलक्षण विचारपूर्वक लावलेला आहे: आधी सर्व अंक वेगळे असलेली उदाहरणे, मग काही अंक सारखे असलेली, मग पुष्कळ अंकांपैकी थोडेच घ्यायचे असलेली, आणि शेवटी अंकांची बेरीज ठरवून दिलेली. शिकण्यासाठी यापेक्षा चांगला क्रम मला माहीत नाही, म्हणून येथेही तोच धरला आहे आणि जेथे आजच्या विद्यार्थ्याला अधिक अडते तेथे जास्त वेळ थांबलो आहे.

एक नमुना लिहा आणि तो टप्प्याटप्प्याने घडवा

अंकपाशातले एक प्रसिद्ध उदाहरण असे आहे. शंकराच्या दहा हातांत पाश, अंकुश, सर्प, डमरू, कपाल, त्रिशूल, खट्वांग, शक्ती, बाण आणि धनुष्य ही दहा आयुधे आहेत. ती हातांत अदलाबदल करून धरली तर मूर्तीची किती रूपे होतील? आणि चार हातांच्या विष्णूची गदा, चक्र, कमळ आणि शंख यांच्या अदलाबदलीने किती रूपे होतील? विष्णूची मूर्ती आधी घ्यावी. एक नमुना लिहावा: उजवा वरचा हात शंख, उजवा खालचा कमळ, डावा वरचा चक्र, डावा खालचा गदा. हा नमुना घडवताना पहिल्या हातासाठी ४ पर्याय होते, दुसऱ्यासाठी उरलेले ३, तिसऱ्यासाठी २ आणि चौथ्यासाठी १. पहिल्या हातात काहीही दिले तरी दुसऱ्या हातासाठी उरणाऱ्या पर्यायांची संख्या तीच राहते, म्हणून या संख्यांचा गुणाकार करता येतो आणि उत्तर ४ × ३ × २ × १ = २४ येते. याच गुणाकाराला आपण ४ फॅक्टोरियल म्हणतो आणि ४! असे लिहितो. शंकराच्या मूर्तीसाठी १०! म्हणजे ३६,२८,८०० रूपे होतात.

गुणाकार करण्याचा अधिकार कोठून आला, हे या उदाहरणात नीट पाहून ठेवावे. पर्याय कोणते उरतात हे आधीच्या निवडीवर अवलंबून असले तरी चालते; पर्याय किती उरतात हे मात्र अवलंबून असता कामा नये. ही अट जेथे मोडते तेथे टप्प्यांचा क्रम बदलावा लागतो किंवा उदाहरणाचे भाग पाडावे लागतात. पाठ्यपुस्तकांत हमखास येणारा एक प्रकार घेऊ. ०, १, २, ३, ४, ५ या अंकांपासून, एकही अंक पुन्हा न वापरता, चार अंकी सम संख्या किती तयार होतील? येथे दोन बंधने आहेत. हजाराच्या स्थानी ० चालत नाही आणि एककाच्या स्थानी ०, २ किंवा ४ हवा. डावीकडून सुरुवात केली तर एककाच्या स्थानी येईपर्यंत किती सम अंक शिल्लक आहेत हे सांगता येत नाही, आणि गुणाकार तेथेच थांबतो. म्हणून ज्या स्थानावर बंधन अधिक त्या स्थानापासून सुरुवात करावी. एककात ० असेल तर उरलेल्या तीन स्थानांसाठी ५ × ४ × ३ = ६० संख्या होतात. एककात २ किंवा ४ असेल तर एककासाठी २ पर्याय, हजारासाठी शून्य आणि वापरलेला अंक वगळून ४, शतकासाठी ४ आणि दशकासाठी ३, म्हणजे २ × ४ × ४ × ३ = ९६. एककात शून्य असलेली संख्या आणि २ किंवा ४ असलेली संख्या एकच असू शकत नाही, म्हणून दोन्ही भागांची बेरीज करायची: १५६.

येथे गुणाकार आणि बेरीज यांतला फरकही स्पष्ट होतो. एकच नमुना पूर्ण करण्यासाठी जी कामे एकामागून एक करावी लागतात त्यांचा गुणाकार होतो, आणि जे नमुने एकमेकांपासून पूर्णपणे वेगळ्या गटांत पडतात त्या गटांची बेरीज होते. उदाहरणात ‘आणि’ शब्द आला म्हणून गुणाकार, ‘किंवा’ आला म्हणून बेरीज, अशी शब्दांवर बेतलेली युक्ती शिकवली जाते, पण तिच्यावर विसंबू नये. नमुना कसा घडला हेच पाहावे.

थोड्याच जागा भरायच्या असतील तर गुणाकार मध्येच थांबतो, एवढाच बदल होतो. शून्य सोडून उरलेल्या नऊ अंकांपासून, सर्व अंक वेगळे असलेल्या सहा अंकी संख्या किती, असे भास्कराचार्य विचारतात. उत्तर ९ × ८ × ७ × ६ × ५ × ४ = ६०,४८०. आजचे परम्युटेशनचे सूत्र म्हणजे हीच गोष्ट होय. अंक पुन्हा वापरण्याची मुभा असेल, तर प्रत्येक स्थानी नऊच्या नऊ पर्याय कायम राहतात आणि ९ चा सहा वेळा गुणाकार होतो. तेव्हा पुनरावृत्ती चालते की नाही, हे उदाहरण वाचतानाच अधोरेखित करून ठेवावे.

सारख्या वस्तू आल्या की भागाकार

‘कटकट’ या शब्दातील चार अक्षरांची अदलाबदल करून किती वेगवेगळे अक्षरक्रम होतील? चार अक्षरे म्हणून ४! = २४ असे उत्तर लिहिण्याचा मोह होतो, परंतु प्रत्यक्ष लिहून पाहिले तर कटकट, ककटट, कटटक, टकटक, टककट, टटकक एवढे ६ च सापडतात. हे का झाले, हे समजणे या संपूर्ण विषयाचा गाभा आहे. दोन ‘क’ पैकी एक लाल शाईने आणि एक निळ्या शाईने लिहिला, तसेच दोन ‘ट’ देखील दोन वेगळ्या रंगांत लिहिले, तर चारही अक्षरे वेगळी होतात आणि २४ रंगीत क्रम मिळतात. आता रंग पुसून टाकावेत. ‘कटकट’ हा एकच क्रम २ × २ = ४ रंगीत क्रमांतून मिळालेला असतो, कारण ‘क’ चे रंग दोन प्रकारे आणि ‘ट’ चे रंग दोन प्रकारे बदलता येतात. प्रत्येक क्रमाच्या बाबतीत असेच घडते, म्हणून २४ ÷ ४ = ६. ‘नवनवीन’ या शब्दात ‘न’ तीन वेळा आहे आणि ‘व’ व ‘वी’ एकेकदा आहेत, तेथे ५! ÷ ३! = १२० ÷ ६ = २० क्रम होतात.

अंकपाशात हीच दोन उदाहरणे अंकांच्या रूपात आहेत: २, २, १, १ या अंकांपासून ६ संख्या आणि ४, ८, ५, ५, ५ या अंकांपासून २० संख्या. भास्कराचार्य पुढे जाऊन या सर्व संख्यांची बेरीजही विचारतात, आणि ती काढण्याची रीत शिकण्यासारखी आहे. वीस संख्या एकाखाली एक लिहिल्या आहेत अशी कल्पना करावी. कोणत्याही एका स्थानाचा स्तंभ पाहिला तर त्यात ५ हा अंक १२ वेळा, ४ हा ४ वेळा आणि ८ हा ४ वेळा येतो, कारण कोणतेही स्थान दुसऱ्या स्थानापेक्षा वेगळे नाही. स्तंभाची बेरीज ६० + १६ + ३२ = १०८. पाचही स्तंभांची हीच बेरीज असल्याने एकूण बेरीज १०८ × ११,१११ = ११,९९,९८८. वीस संख्या न लिहिता त्यांची बेरीज मिळाली. याच रीतीने २ पासून ९ पर्यंतच्या आठ अंकांपासून होणाऱ्या ४०,३२० संख्यांची बेरीज २४,६३,९९,९९,७५,३६० येते, आणि ही संख्या कागद-पेन्सिलने स्वतः काढून पाहावी असे मी आग्रहाने सुचवीन.

भागाकार करताना एक अट पाळावी लागते: प्रत्येक नमुना सारख्याच वेळा मोजला गेलेला असला पाहिजे. ‘कटकट’ मध्ये प्रत्येक क्रम नेमका चार वेळा आला, म्हणून चारने भागता आले. काही नमुने दोनदा आणि काही तीनदा मोजले गेले असतील तर भागाकार करता येत नाही. ही अट मोडल्यावर काय होते हे पुढे पाहू.

निवड, म्हणजे कॉम्बिनेशन, हा भागाकारच आहे

कबड्डीच्या संघात १२ खेळाडू आहेत आणि मैदानावर ७ जण उतरायचे आहेत. सात जणांना एकेक करून बोलावले तर १२ × ११ × १० × ९ × ८ × ७ × ६ = ३९,९१,६८० प्रकार होतात. पण ते कोणत्या क्रमाने मैदानात आले याला महत्त्व नाही, आणि त्याच सात जणांचा चमू ७! = ५,०४० क्रमांनी मोजला गेला आहे. म्हणून ३९,९१,६८० ÷ ५,०४० = ७९२. मांडणी आहे की निवड, हे ओळखण्याची सोपी कसोटी अशी की, लिहिलेल्या नमुन्यातील दोन घटकांची अदलाबदल करावी. नमुना बदलला तर मांडणी, नाही बदलला तर निवड. उदाहरणात ‘निवडा’ किंवा ‘मांडा’ यांपैकी कोणते क्रियापद आहे यावरून हे ठरत नाही. अध्यक्ष, सचिव आणि कोषाध्यक्ष ‘निवडायचे’ असतील तर ती मांडणीच आहे, कारण पदे बदलली की समिती बदलते.

सात जणांना मैदानात उतरवणे आणि पाच जणांना बाहेर बसवणे ही एकच क्रिया आहे, म्हणून १२ पैकी ५ निवडण्याचे प्रकारही ७९२ च. आकडेमोड करताना नेहमी लहान बाजू घ्यावी. मोठमोठे फॅक्टोरियल मांडून मग काटत बसण्याची गरजही नाही, कारण भास्कराचार्यांनी दिलेली रीत त्याहून सुटसुटीत आहे. मधुर, आंबट, खारट, तिखट, कडू आणि तुरट या सहा रसांपैकी एक, दोन, तीन असे रस घेऊन किती मिश्रणे होतील, हे उदाहरण अंकपाशाच्या आधी, ‘लीलावती’च्या मिश्रव्यवहारात आले आहे. एक रस घेतला तर ६. दोन रसांसाठी ६ × ५ ÷ २ = १५. तीन रसांसाठी १५ × ४ ÷ ३ = २०. चारांसाठी २० × ३ ÷ ४ = १५, पाचांसाठी १५ × २ ÷ ५ = ६ आणि सहांसाठी ६ × १ ÷ ६ = १. प्रत्येक पायरीवर आधीच्या उत्तराला एकाने कमी होत जाणाऱ्या संख्येने गुणायचे आणि एकाने वाढत जाणाऱ्या संख्येने भागायचे. भागाकार नेहमी नि:शेष जातो. एकूण मिश्रणे ६३ होतात आणि आयुर्वेदातही रसभेदांची संख्या हीच सांगितलेली आहे. उत्तराचा पडताळा दुसऱ्या वाटेने घेता येतो. प्रत्येक रस घ्यायचा किंवा सोडायचा असे दोन पर्याय आहेत, म्हणून २ चा सहा वेळा गुणाकार ६४, आणि त्यातून एकही रस न घेतल्याचा एक प्रकार वजा केला की ६३. दोन निराळ्या वाटांनी तीच संख्या मिळणे हा मोजणीतील सर्वांत भरवशाचा पडताळा आहे.

गट पाडण्याच्या उदाहरणांत भागाकार विसरला जातो. १२ विद्यार्थ्यांचे चार-चारांचे तीन गट पाडायचे आहेत. पहिल्या गटासाठी १२ पैकी ४ म्हणजे ४९५ प्रकार, दुसऱ्यासाठी ८ पैकी ४ म्हणजे ७० प्रकार, आणि तिसरा गट आपोआप ठरतो. गुणाकार ३४,६५०. पण एक गट नाटकाचा, एक गाण्याचा आणि एक चित्रकलेचा, असे गटांना काही नाव असेल तरच हे उत्तर बरोबर आहे. गटांत काहीच फरक नसेल तर ‘पहिला’ आणि ‘दुसरा’ हे शब्द आपण केवळ मोजण्याच्या सोयीसाठी वापरले होते, आणि तीच विभागणी ३! = ६ वेळा मोजली गेली. खरे उत्तर ३४,६५० ÷ ६ = ५,७७५.

‘किमान एक’ या अटीचा सापळा

एका वाचनालयाच्या सभासदांपैकी ६ स्त्रिया आणि ५ पुरुष समितीवर येण्यास तयार आहेत. चार जणांची समिती नेमायची आहे आणि तिच्यात किमान एक पुरुष असला पाहिजे. अनेक हुशार विद्यार्थी येथे असा विचार करतात: आधी अट पूर्ण करून घेऊ, म्हणजे ५ पुरुषांपैकी एक निवडू, मग उरलेल्या १० जणांमधून कोणतेही तीन निवडू. ५ × १२० = ६००. विचार स्वच्छ वाटतो, प्रत्येक समितीत किमान एक पुरुष आहे हेही खरे, तरीही उत्तर चुकीचे आहे. ते चुकीचे असल्याचे चटकन कळते, कारण कोणतीही अट नसताना ११ पैकी ४ जणांच्या समित्या ३३० च होतात, आणि अट घातल्यावर संख्या वाढणे शक्य नाही. आलेले उत्तर विनाअट उत्तरापेक्षा लहान आहे ना, हे प्रत्येक वेळी पाहण्याची सवय लावून घ्यावी.

चूक कोठे झाली हे मात्र बारकाईने समजून घेतले पाहिजे, नाहीतर ती वेषांतर करून पुन्हा येते. ज्या समितीत दोन पुरुष आहेत, ती समिती या रीतीत दोनदा तयार होते: एकदा पहिल्या पुरुषाला ‘अटीचा पुरुष’ म्हणून निवडून आणि दुसऱ्याला उरलेल्यांत घेऊन, आणि एकदा याच्या उलट. तीन पुरुष असलेली समिती तीनदा तयार होते, चार पुरुषांची चारदा. आता समित्या पुरुषांच्या संख्येनुसार वेगळ्या मोजू. एक पुरुष आणि तीन स्त्रिया: ५ × २० = १००. दोन आणि दोन: १० × १५ = १५०. तीन पुरुष, एक स्त्री: १० × ६ = ६०. चारही पुरुष: ५. बेरीज ३१५ आणि हेच खरे उत्तर. चुकीच्या रीतीने १०० एकदा, १५० दोनदा, ६० तीनदा आणि ५ चारदा मोजले: १०० + ३०० + १८० + २० = ६००. चुकीचा आकडा नेमका जुळला, म्हणजे चुकीचे कारणही नेमके सापडले. वेगवेगळ्या समित्या वेगवेगळ्या वेळा मोजल्या गेल्यामुळे येथे कोणत्याही एका संख्येने भागून सुटका होत नाही. भागाकाराची मघाशी सांगितलेली अट येथे मोडली आहे.

योग्य रीत वजाबाकीची आहे. ‘किमान एक पुरुष’ याच्या उलट ‘एकही पुरुष नाही’, आणि अशा समित्या ६ पैकी ४ स्त्रियांच्या, म्हणजे १५. म्हणून ३३० − १५ = ३१५. ‘किमान एक’ असे शब्द दिसले की आधी उलट बाजू मोजून पाहावी. ‘किमान दोन’ असेल तर ‘एकही नाही’ आणि ‘नेमका एक’ हे दोन्ही वजा करावे लागतात: ३३० − १५ − १०० = २१५.

कर्णधाराच्या उदाहरणात मात्र अशीच रीत बरोबर ठरते, आणि ती तुलना उद्बोधक आहे. १२ पैकी ७ कबड्डीपटू निवडून त्यांतला एक कर्णधार करायचा असेल, तर ७९२ × ७ = ५,५४४. आधी १२ पैकी कर्णधार निवडला आणि मग उरलेल्या ११ मधून ६ खेळाडू निवडले, तरी १२ × ४६२ = ५,५४४. येथे आधी निवडलेली व्यक्ती अंतिम नमुन्यातही वेगळी ओळखू येते, तिच्या नावापुढे कर्णधारपद असते. समितीतल्या ‘अटीच्या पुरुषा’ला अंतिम नमुन्यात कोणतीही वेगळी खूण नव्हती. म्हणून तयार नमुना हातात घेऊन उलट विचारावे: यावरून माझा प्रत्येक टप्पा ओळखता येतो का? येत असेल तर गुणाकार निर्धोक आहे.

शेजारी, शेजारी नाही, आणि वर्तुळात

छायाचित्रासाठी ५ कलाकार आणि ३ तंत्रज्ञ एका रांगेत उभे राहतात. तिन्ही तंत्रज्ञ एकत्र हवे असतील तर त्यांचा एक गठ्ठा मानावा. ५ कलाकार आणि १ गठ्ठा अशा सहा घटकांच्या ६! = ७२० मांडण्या, आणि गठ्ठ्याच्या आत ३! = ६, मिळून ४,३२०. कोणतेही दोन तंत्रज्ञ शेजारी नको असतील तर आधी कलाकारांना उभे करावे, १२० प्रकारांनी; त्यांच्या मध्ये आणि दोन्ही टोकांना मिळून ६ जागा होतात, त्यांत तिघांना ६ × ५ × ४ = १२० प्रकारांनी उभे करता येते, म्हणून १४,४००. येथे घाई करून ४०,३२० − ४,३२० = ३६,००० लिहू नये. ‘तिघेही एकत्र’ याच्या उलट ‘तिघेही एकत्र नाहीत’ असे होते, आणि त्यात दोघे शेजारी व तिसरा लांब अशा २१,६०० मांडण्याही येतात.

वर्तुळाचे उदाहरण भागाकाराचेच आहे. भोंडल्याच्या फेरात ८ मुली आहेत; सर्वजणी एक-एक पाऊल सरकल्या तरी कोणाच्या शेजारी कोण हे बदलत नाही, म्हणून प्रत्येक फेर रांगेच्या हिशेबात ८ वेळा मोजला जातो: ८! ÷ ८ = ५,०४०. आठ वेगवेगळ्या मण्यांची माळ मात्र उलटूनही तीच राहते, म्हणून तेथे आणखी २ ने भागून २,५२०.

एका उदाहरणाचे दुसऱ्यात रूपांतर

मनाचे श्लोक भुजंगप्रयात वृत्तात आहेत. या वृत्ताच्या प्रत्येक चरणात १२ अक्षरे असतात, त्यांपैकी ४ लघु आणि ८ गुरू. वृत्ताचा ठरलेला क्रम बाजूला ठेवून, ४ लघु आणि ८ गुरू यांचे एकूण किती क्रम होतील, असे विचारले तर १२ जागांपैकी लघूंच्या ४ जागा निवडायच्या एवढेच काम उरते: १२ × ११ × १० × ९ ÷ २४ = ४९५.

आता अंकपाशाचे शेवटचे उदाहरण पाहू. पाच अंकी संख्या, एकाही स्थानी शून्य नाही आणि अंकांची बेरीज १३, अशा किती संख्या? एक नमुना लिहू: ३१४२३. याकडे संख्या म्हणून न पाहता १३ उभ्या रेघांची वाटणी म्हणून पाहावे. तेरा रेघा ओळीने काढल्या की त्यांच्यामध्ये १२ फटी होतात. त्यांपैकी ४ फटींत पडदे घातले की रेघांचे पाच गट पडतात आणि कोणताही गट रिकामा राहत नाही. ३, १, ४, २, ३ हे गट म्हणजेच ३१४२३. प्रत्येक संख्येला पडद्यांची एकच रचना आणि प्रत्येक रचनेला एकच संख्या, म्हणून उत्तर १२ पैकी ४, पुन्हा ४९५. भास्कराचार्यांचे उत्तरही हेच आहे. वृत्ताचे आणि अंकांचे उदाहरण वरून पाहता एकमेकांशी संबंध नसलेले, पण आतून एकच निघाले. अशी जोडी लावता येणे हे या विषयातले खरे कौशल्य आहे, असे मला वाटते.

गणपतीच्या नैवेद्याचे २१ एकसारखे मोदक ५ मुलांत वाटायचे आहेत आणि प्रत्येकाला किमान एक मिळाला पाहिजे, तर २० फटींपैकी ४: ४,८४५ प्रकार. एखाद्याला एकही मिळाला नाही तरी चालत असेल, तर प्रत्येकाला आपल्या मनाने एक-एक जादा मोदक देऊन ठेवावा, म्हणजे २६ मोदक आणि किमान एकाची अट. वाटून झाल्यावर तो जादा मोदक परत घ्यावा. उत्तर २५ पैकी ४, म्हणजे १२,६५०. पाच वेगवेगळी पुस्तके वाटायची असतील तर ही रीत चालत नाही. तेथे प्रत्येक पुस्तक कोणाला द्यायचे हे स्वतंत्रपणे ठरते.

भास्कराचार्यांनी या नियमाला एक मर्यादा घातली आहे: अंकांची बेरीज ही स्थानांच्या संख्येत ९ मिळवून येणाऱ्या संख्येपेक्षा लहान हवी. पाच स्थाने असतील तर बेरीज १४ पेक्षा लहान. कारण स्पष्ट आहे. बेरीज १३ असताना चार स्थानी १ ठेवले तरी पाचव्या स्थानी जास्तीत जास्त ९ येतो. बेरीज १४ असेल तर पडद्यांची रीत १३ पैकी ४ म्हणजे ७१५ सांगते, पण त्यांत एका गटात १० रेघा आणि इतर चारांत एकेक, अशा ५ रचना येतात, आणि १० हा अंक नाही. त्या वजा करून ७१० उरतात. बेरीज १५ असेल तर १४ पैकी ४ म्हणजे १,००१ पैकी ज्या रचनांत एखादा गट १० किंवा अधिक आहे त्या काढाव्या लागतात. त्या गटातून ९ रेघा काढून घेतल्या की ६ रेघांची पाच गटांत वाटणी उरते, ती ५ प्रकारांनी होते. तो गट कोणता यासाठी आणखी ५ पर्याय, म्हणून २५ रचना बाद आणि उत्तर ९७६. ही वजाबाकी बेरीज २२ पर्यंत जशीच्या तशी चालते. बेरीज २३ झाली की १०, १०, १, १, १ अशी वाटणी शक्य होते, दोन गट एकाच वेळी नियम मोडतात, आणि ती वाटणी दोनदा वजा होते. म्हणून तेथून पुढे अशा वाटण्या मोजून एकदा परत मिळवाव्या लागतात.